चार मापटी मिरच्या

नवरा रिटायर झाला तेव्हा कंपनीनं त्याला शाल दिली, नारळ दिला आणि माझ्या स्वयंपाकघरात आणून सोडलं. शाल कपाटात गेली, नारळाची चटणी झाली, हा माणूस मात्र ओट्यापाशीच उभा राहिला. तोंडावर मी त्याला अहोच म्हणते. पण लिहिताना कोण बघतंय.

आम्ही बजाजनगरात राहतो. इथं घरटी एक माणूस वाळूजच्या कुठल्या ना कुठल्या कंपनीत असतोच. आमचा माणूस क्वालिटीत होता. म्हणजे दुसऱ्यानं बनवलेला पार्ट हातात घ्यायचा, मापायचा आणि नाक मुरडून बाजूला ठेवायचा. केसाएवढा फरक निघाला तरी रिजेक्ट. उभा जन्म दुसऱ्याच्या कामात खोट काढायचा पगार घेतला. पगार बंद झाला म्हणून खोड थोडीच बंद होते? पहिल्याच आठवड्यात त्यानं मला विचारलं, उपम्याला रवा किती घेतेस. मी म्हणलं, वाटीभर. तर म्हणे कोणती वाटी. मी म्हणलं, हाताला लागंल ती.

झालं. त्याच्या तोंडावर अशी कळा आली की मला वाटलं बीपी वाढलं. त्यानं मांडणीवरच्या सगळ्या वाट्या खाली काढल्या. आमच्या वाट्या सगळ्या आहेराच्या. प्रत्येकीवर कुणाचं तरी नाव कोरलेलं, आणि ज्याची जेवढी दानत तेवढी त्याची वाटी खोल. ह्यानं एकेकीत पाणी भरलं आणि ओट्यावर रांग लावली. माझ्या आत्याच्या वाटीत त्याच्या मामाच्या दोन वाट्या आरामात बसल्या. मला त्यात नवीन काही नव्हतं. मामाला मी लग्नातच ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी डिजिटल काटा आला. पांढरा, चपटा, काचेचा. तेव्हापासून आमच्या घरात वाटी, चमचा, मूठ, पसा ही मापं बाद झाली. पोह्यांचं वजन झालं, कणकेचं वजन झालं, भाकरीच्या उंड्याचं वजन झालं. माझ्या हातची भाकरी आजवर कधी दुसऱ्या भाकरीसारखी झाली नाही असा त्यानं निकाल दिला. मीठ चवीपुरतं असं मी म्हणलं की विचारायचा, चव किती ग्रॅमची. एकदा चिमूटभर हिंग त्यानं काट्यावर टाकला. काट्यानं शून्य दाखवलं. तेव्हा हा मला म्हणाला, बघ, तुझ्या हिंगाला काही वजनच नाही, म्हणजे तो नसला तरी चालतो. त्या दिवशी मी त्याला बिनहिंगाची गवार करून घातली. पोट धरून बसला तेव्हा हिंगाला वजन आलं.

शेजारणी हसायच्या. मीही हसायचे, आणि वैतागायचेही. माझं स्वयंपाकघर होतं ते. आयुष्यभर सकाळी सातच्या बसला गेलेला माणूस दिवसभर घरात दिसायला लागला की बाईला आधी बरं वाटतं, मग वाटतं ह्याची बस परत सुरू व्हावी. पण मी काटा काही फेकून दिला नाही. त्याला एक कारण होतं, आणि ते पिशोरला होतं.

पिशोर हे आमचं गाव. तिथं माझा दीर राहतो, ह्याचा पाठचा भाऊ. शेती तो बघतो. दोघं भाऊ असे की एकानं शिंकलं तर दुसरा रुमाल काढायचा. सासू शेवटी आजारी पडली तेव्हा तिला आम्ही शहरात दवाखान्यात आणलं. तब्येत उतरत चालली होती. मी ह्याला रोज म्हणायचे, भाऊजींना बोलावून घ्या. हा म्हणायचा, रिपोर्ट येऊ दे, उगं त्याला घाबरवायचं कशाला, पेरणीचे दिवस आहेत. ह्याची ती जन्माची सवय. माप हातात आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. रिपोर्ट दुपारी आला. सासू सकाळीच गेली होती.

दीर आला तो तिला घरी न्यायला म्हणून जीप करून आला होता. तिला आता सोडणार आहेत, असंच गावाकडं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. त्यानं भांडण केलं नाही, आरडाओरड केली नाही. सगळं क्रियाकर्म मोठ्या भावाच्या मांडीला मांडी लावून केलं, आणि त्यानंतर त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. भांडलेल्या माणसाला समजूत घालता येते. न बोलणाऱ्याचं काय करायचं? ह्यानं फोन केले, ते जावेनं उचलले. दिवाळीला गेलो तर दीर शेतात. मग आम्ही जाणंच सोडलं. इतकी वर्षं झाली, पण हा माणूस अजूनही रात्री जेवताना पिशोरचा पाऊस मोबाईलवर बघायचा.

मागच्या उन्हाळ्यात पुतणीचा फोन आला. तिचं लग्न ठरलं होतं. पत्रिका आलीच होती, ती कुरिअरनं, म्हणजे आम्ही पाहुण्यातले पाहुणे. पण फोन वेगळाच होता. पोरगी म्हणाली, मोठीआई, हळदीच्या दिवशी आज्जीच्या हातचं असायचं तसं येसर पाहिजे. मम्मीला तसं जमत नाही. मी विचारलं, तुझे पप्पा काय म्हणतात. ती म्हणाली, ते काही म्हणले नाहीत, पण मी फोन लावला तेव्हा उठूनही गेले नाहीत, इथंच बसलेत.

येसर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ खमंग भाजायची. धने, खोबरं, मिरच्या, दगडफूल आणि बाकी मसाला तेलावर परतायचा. सगळं एकत्र दळायचं. हे पीठ पाण्यात कालवून लसणाच्या फोडणीत उकळलं की आमटी होते, आणि त्या आमटीशिवाय आमच्याकडं लग्न लागत नाही. म्हणजे लागतं, पण पाहुणे नावं ठेवत परत जातात.

फोन स्पीकरवर होता. हा सगळं ऐकत होता. उठला, काटा घेतला आणि फडक्यानं पुसायला लागला. बराच वेळ पुसत होता. मग म्हणाला, येसर मी करणार. मी म्हणलं, तुम्ही? तुम्हाला जिरं आणि बडीशेप कळत नाही. तर म्हणाला, मायसारखंच झालं पाहिजे, कमी नाही जास्त नाही. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. त्याला भावाच्या दारात रिकाम्या हातानं जायचं नव्हतं, एवढं कळायला मला काट्याची गरज नव्हती.

आता खरं तर येसर मलाच करायचं होतं, ह्यानं नुसतं मिरवायचं. पण नेमकं त्याच आठवड्यात माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आई हर्सूलला राहते, एकटी. मला तिच्याकडं जाणं भाग होतं. तिथून मी परस्पर पिशोरला यायचं आणि ह्यानं येसर करून इकडून यायचं, असं ठरलं. सासू येसराचं सगळं मापट्यानं, म्हणजे धान्य मोजायच्या भांड्यानं घ्यायची, आणि आमच्या घरात मापटं नव्हतं. सासूचं मापटं पिशोरला जावेकडं, आणि ते मागायला तोंड कुणाचं? ह्यानं शेजारच्या सिल्लोडवाल्या बाईकडून तिचं मापटं आणलं, गव्हानं शिगेला भरलं आणि गव्हाचं वजन केलं. अर्ध्या किलोला थोडंसं कमी भरलं. बाईला मापटं परत दिलं. ह्याच्या लेखी काम संपलं होतं. मापट्याचं वजन कळलं, आता मापट्याची गरज काय?

आता कुणीही म्हणेल, एवढा शिकला-सवरलेला माणूस, एवढं साधं कसं कळलं नाही. पण त्याची बाजू मी सांगते. ह्या माणसाच्या हातून आयुष्यभर एकच धातू गेला. एका साच्यातला पार्ट, एकाच पोलादाचा. आकार तोच, तर वजन तेच. वजन वेगळं निघालं तर पार्ट खराब. मिरची नावाचा पार्ट त्याच्या टेबलावर कधी आलाच नव्हता.

मी हर्सूलला आईच्या उशाशी बसलेले. आई डोळ्यावरची पट्टी सारखी उचलून बघत होती की दिसतंय का. तेवढ्यात ह्याचा फोन. मी एका हातानं आईचा हात धरून दुसऱ्या हातानं फोन धरला आणि सांगितलं, गहू चार मापटी, बाजरी दोन, डाळ दोन, धने दोन, मिरच्या देठं काढून चार मापटी, दगडफूल अर्धं मापटं. ह्यानं शांतपणे विचारलं, म्हणजे गहू आणि मिरच्या सारख्याच ना? मी म्हणलं, व्हय, सारख्याच, आणि आईच्या हातावर चापट मारली. मापटं भरून मोजल्या तर सारख्याच की. चार मापटी मिरच्या म्हणजे हलक्या फोलपटासारख्या, काट्यावर टाकल्या तर पाव किलोच्या जरा वर. ह्यानं घेतल्या गव्हाच्या वजनानं. किलोच्या किलो.

मोंढ्यात काय झालं ते मला नंतर कळलं. ह्यानं दगडफुलाचं वजन सांगितलं तेव्हा दुकानदारानं आधी ह्याच्याकडं बघितलं, मग मालाकडं, आणि विचारलं, चाचा, तकिया भरना है क्या? ह्याला राग आला. आजकाल दुकानदारांना मालाचं ज्ञान राहिलं नाही, असं म्हणत हा ते गाठोडं खांद्यावर टाकून निघाला. मिरच्यांचं बोचकं रिक्षात मांडीवर मावेना. तरी ह्याला शंका आली नाही. आकडा त्याच्याकडं होता, आणि आकडा हातात असला की ह्याला डोळे लागत नाहीत. गल्लीतल्या डंकवालीनं दळून दिलं, पण त्यानंतर दुपारभर तिनं दुकान बंद ठेवलं आणि आमच्या जिन्यातली दोन्ही घरं खिडक्या लावून खोकत बसली. त्यांना ह्यानं सांगितलं, ताजं आहे, मुरंल.

हळदीच्या दिवशी मी पिशोरला पोचले ती संध्याकाळी. एसटी उशिरा आली. मांडवात शिरले आणि मला दारातच सटासट शिंका सुरू झाल्या. मागच्या अंगणात चुलवणावर मोठं पातेलं रटरटत होतं. त्याच्याशेजारी आमचा माणूस, नव्या पांढऱ्या शर्टात, हातात काटा. डब्यातलं सगळं येसर त्यानं मोजून घातलं होतं. आमटी लालभडक. येसराची आमटी काळपट तांबूस असते, ही लग्नातल्या शालूसारखी. मी पळत गेले, पळी उचलली आणि चाखणार तर जावेनं हात धरला. नैवेद्य दाखवायचा राहिलाय, आत्ताच चाखता व्हय?

आमच्याकडं देवकाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी जिभेला काही लावत नाही. लहान लेकरूसुद्धा नाही. म्हणून तर दुपारपासून एवढी माणसं त्या पातेल्याभोवती फिरली, खोकली, डोळे पुसले, आणि एकानंही थेंब चाखला नव्हता. मी ह्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, मिरच्या किती घातल्या. त्यानं सांगितलं. मी ओरडणार होते. पण त्याचं तोंड असं उजळलेलं होतं, घामानं निथळत होता, आणि मला म्हणाला, तो दोनदा इकडून गेला, पातेल्यात बघून गेला. तो म्हणजे दीर. मग मी पदरानं त्याचं कपाळ पुसलं. तोवर ताट देवापुढं गेलंसुद्धा. देवानं काही तक्रार केली नाही. देवाला बरं असतं, त्याला गिळायचं नसतं.

पंगत बसली. नवरदेवाकडची माणसं उष्टी हळद घेऊन आली होती, ती पहिल्या पंगतीला. गावातल्या थोरल्यांनी दिरालाही त्यांच्यासोबत बसवलं, व्याह्याच्या बाजूला. आमचा माणूस स्वतः बादली घेऊन आमटी वाढायला निघाला. कुणाला हात लावू देईना. भावाच्या पानापुढं आला, वाकला, दोन पळ्या वाढल्या. दिरानं मान वर केली नाही. मी खांबाला धरून उभी होते. माझ्या मनात आलं, आता हा एक घास खाणार, आणि इतक्या वर्षांनी उघडलेलं दार ह्या बावळट माणसाच्या तोंडावर बंद होणार, आणि ह्या वेळी कायमचं.

श्लोक झाला. पोळी मोडली गेली. पहिल्यांदा व्याही खोकला. मग त्याच्या शेजारचा. मग सगळी रांगच्या रांग सूं सूं करायला लागली. एक म्हातारा पाण्याचा तांब्या तोंडाला लावून उठून चालायलाच लागला. दीर मात्र खात होता. एक घास, दुसरा, तिसरा. कान लाल झाले, नाकातून पाणी आलं, तरी मान खाली घालून खात होता. आमचा माणूस बादली घेऊन तसाच उभा. पांढऱ्याचा पिवळा झालेला. त्याला आता कळलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा स्वतःचा माल रिजेक्ट झाला होता, आणि तो कुठं, तर इथं.

चौथा घास दिराला गिळता आला नाही. त्यानं हात पानात टेकवला, वर बघितलं आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असा बोलला.

"दादा, मारायचंच व्हतं तर घरात कुऱ्हाड व्हती की."

मग व्याही हसला. खोकत खोकत हसला, मग सगळा मांडव हसायला लागला. मी हसले नाही. मला फक्त ते दादा ऐकू आलं होतं. नवरा बादली हातात धरून म्हणाला, मिरची हलकी असती, हे ध्यानातच आलं नाही माझ्या. दीर म्हणाला, आत्ता सांगतो व्हय हे, आणि पानावरून उठला.

पंगतीला भात आणि ताक फिरवायला सांगून आम्ही मागं गेलो. जावेनं दाण्याचं कूट आणलं, मी भाजलेल्या डाळीचं पीठ आणलं. पाणी वाढवलं, पातेल्यातलं निम्मं दुसऱ्या पातेल्यात ओतलं. दिरानं माझ्या हातातून मोठा झारा घेतला आणि ढवळायला लागला. धुरात दोघं भाऊ समोरासमोर, दोघांचेही डोळे गळत होते, दोघंही शर्टाच्या बाहीनं नाक पुसत होते. कुणाच्या डोळ्यात मिरची होती आणि कुणाच्या काय, ते मी बघत बसले नाही. आमचा माणूस गुळाची ढेप मांडीवर घेऊन फोडत होता. फोडता फोडता, मान वर न करता म्हणाला,

"मायच्या वक्ताला रिपोर्टची वाट बघाया नको व्हती मी. त्याच दिवशी तुला बोलवाया पाहिजे व्हतं."

जाऊ पदर तोंडाला लावून उभी. दीर ढवळत राहिला. पातेल्याच्या तळाला झारा घासल्याचा आवाज तेवढा येत होता. मग तो म्हणाला,

"गूळ टाक."

"किती?"

"तू टाकत ऱ्हाय. मी म्हणतो बास."

ह्यानं एक खडा टाकला आणि भावाकडं बघितलं. दीर ढवळत होता. ह्यानं दुसरा टाकला. काटा बाजूच्या बाजेवर पडला होता, त्याकडं ह्याचं लक्षही नव्हतं. तिसरा टाकला, मग आणखी एक. ढेप संपत आली. आमटी आता गोड व्हायला लागली होती, ते मला नुसत्या वासावरून कळत होतं, आणि तिकडं पंगत खोळंबली होती. मी मात्र त्यांना थांबवायला गेले नाही. नवरा खडा टाकायचा, भावाच्या तोंडाकडं बघायचा. दीर ढवळत होता, आणि बास काही म्हणत नव्हता.